अमेरिकेचा दाखला आणि उरणच्या खाटा

होमिओपॅथीच्या पदवीधरांस औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक वैद्यकाच्या नोंदवहीत स्थान द्यावे की न द्यावे, या वादात हल्ली एक नवा दाखला पुढे करण्यात येतो. तो परदेशचा आहे, भारदस्त आहे आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांस अपरिचित आहे, त्यामुळे तो ऐकताच विरोधकांची वाचा क्षणभर बंद होते, आणि तेवढ्या क्षणात दाखला देणाराने सभा जिंकलेली असते. विधिमंडळाच्या वऱ्हांड्यांपासून उरण तालुक्यातील द्रोणागिरी वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांपर्यंत फिरत असलेला हा दाखला अमेरिकेतील ओस्टिओपॅथीचा होय. ज्या वसाहतीत रात्री छातीत कळ आली असता माणसाने कोठे जावे, याचे उत्तर अजूनही वाशी किंवा पनवेल असेच द्यावे लागते, त्या वसाहतीत डॉक्टर मिळण्याच्या कोणत्याही तजविजीविरुद्ध बोलणे लोकप्रिय नाही, हे आम्ही जाणतो. तरीही या दाखल्याची झडती घेणे अवश्य आहे. कारण तो जेथून आणला त्या देशाचा इतिहास वाचला असता तो आणणारांच्या विरुद्धच साक्ष देतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच बाजूने, पूर्ण जोरानिशी मांडायचे तर ते असे. अमेरिकेत एम. डी. ही पदवी देणारी वैद्यक महाविद्यालये आहेत तशीच डी. ओ. ही पदवी देणारी ओस्टिओपॅथीचीही आहेत. दोन्ही पदवीधर सारखीच औषधे लिहितात, सारख्याच शस्त्रक्रिया करतात, आणि आज तेथील दर चार वैद्यक विद्यार्थ्यांमागे एक जण ओस्टिओपॅथीच्या महाविद्यालयात शिकत असतो. तेथील राज्यांची विधिमंडळे कायदे करून अशी नवी महाविद्यालये स्थापतात, आणि स्थापताना हेतू हाच सांगतात की खेड्यापाड्यांस डॉक्टर मिळावेत. जी पद्धती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भोंदूगिरी म्हणून हिणवली गेली तिला राज्यसत्तेने कायद्याचा हात दिला आणि ती प्रतिष्ठित झाली. मग महाराष्ट्राने 2014 साली होमिओपॅथिक व्यावसायिकांच्या आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या कायद्यांत दुरुस्ती करून तोच हात होमिओपॅथांस दिला, तर त्यात वावगे काय? या युक्तिवादातील एकही विधान खोटे नाही. त्यातून गाळलेली विधाने मात्र पुष्कळ आहेत, आणि सारा निर्णय त्या गाळलेल्या विधानांवरच अवलंबून आहे.

ओस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल हा सरहद्दीवरील मुलखात वैद्यकी करणारा मनुष्य. 1864 साली मेंदूज्वराने त्याची तीन मुले गेली, आणि त्या काळी पारा व अफू यांवर चाललेल्या औषधोपचारावरील त्याचा विश्वास कायमचा उडाला. त्या काळचे औषधशास्त्र पाहता, तो उडणे ही काही बुद्धिमांद्याची खूण नव्हती. शरीर हे यंत्र आहे, हाडे व स्नायू यांची रचना जागच्या जागी बसविली की रक्ताभिसरण सुधारते आणि रोग हटतो, असे त्याचे प्रमेय. ते त्याने 1874 पासून मांडले आणि 1892 साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहान गावी शाळा काढली. त्याच राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेले ओस्टिओपॅथीला मान्यता देणारे विधेयक राज्यपालाने 1895 मध्ये फेटाळले, पुढच्या राज्यपालाने 1897 मध्ये तशाच विधेयकावर सही केली, आणि दरम्यान 1896 साली व्हर्मॉन्ट राज्याने इतर सर्व राज्यांच्या आधी कायदा करून बाजी मारली. प्रतिपक्षाची गोष्ट बहुधा येथे संपते. वस्तुतः ती येथे सुरू होते.

कारण हे कायदे होऊनही ओस्टिओपॅथांस डॉक्टरची प्रतिष्ठा मिळाली नाही, आणि मिळू नये अशीच त्यांच्या शाळांची अवस्था होती. 1910 साली अब्राहम फ्लेक्सनर याने अमेरिकेतील वैद्यक शाळांची जी निष्ठुर पाहणी प्रसिद्ध केली तिने एम. डी. शाळांइतकेच ओस्टिओपॅथी शाळांचेही वाभाडे काढले: प्रयोगशाळा नाहीत, रुग्णालये नाहीत, शिकवणीच्या फीवर चाललेला धंदा आहे. त्यानंतरची पन्नास वर्षे ओस्टिओपॅथांनी राज्यसत्तेकडे केवळ अर्ज करीत घालविली नाहीत. आपल्या शाळा त्यांनी हळूहळू, अंतर्गत कलह सोसून, बदलल्या. औषधांच्या द्वेषातून जन्मलेल्या पंथाने 1929 साली औषधशास्त्र अभ्यासक्रमात घेतले, म्हणजे गुरूच्या मूळ सिद्धांतावरच पाणी सोडले. स्वतःची रुग्णालये बांधली. चार वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम, त्यानंतर रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण, राज्याच्या परवाना परीक्षा, हे सारे पार पाडल्यावर 1966 साली अमेरिकन सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून सनदा दिल्या. आणि निवासी प्रशिक्षणाची एम. डी. व डी. ओ. यांची व्यवस्था तर एकत्र झाली ती 2020 साली. आज डी. ओ. विद्यार्थ्याच्या अभ्यासात एम. डी. च्या अभ्यासातून काहीही वगळलेले नसते. उलट हाडे-स्नायूंच्या हस्तोपचाराचे सुमारे 200 तास त्याला जास्तीचे भरावे लागतात. ज्याला हा दाखला द्यावयाचा असेल त्याने हे जास्तीचे तासही पदरात घेतले पाहिजेत.

कायद्याविषयी म्हणाल तर अमेरिकेत अनुकरणीय कायदा आहे, आणि तो मिशिगन राज्याचा आहे. 1969 साली तेथील विधिमंडळाने कायदा करून राज्याच्या विद्यापीठात ओस्टिओपॅथीचे महाविद्यालय चालविण्याचे ठरविले, आणि सरकारी खर्चाने चाललेले त्या प्रकारचे ते पहिले महाविद्यालय ठरले. याच विद्यापीठात एम. डी. चे महाविद्यालय नुकतेच स्थापन झाले होते. म्हणजे एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली दोन पदव्या आल्या. आणि कायद्याने मागितले ते विद्यालय होते, त्यासाठी प्राध्यापक, विद्यार्थी आणि राज्याच्या तिजोरीतला पैसा होता. जुन्या पदवीधरांची नावे एका नोंदवहीतून दुसरीत चढविण्याची तरतूद त्या कायद्याने केली नव्हती.

तशी तरतूद मात्र दुसऱ्या एका राज्याने केली होती, आणि ती प्रतिपक्षाने अद्याप उद्धृत केली नाही, हे त्याच्या वाचनाचे दुर्दैव म्हणायचे की आमचे सुदैव, हे ठरविणे कठीण आहे. कॅलिफोर्नियात 1961 साली ओस्टिओपॅथांच्या व एम. डी. च्या संघटनांनी समेट केला आणि त्यानुसार सुमारे दोन हजार ओस्टिओपॅथांस 65 डॉलर भरून एम. डी. ही पदवी घेण्याची मुभा मिळाली. हे खरोखरच नोंदवहीतले पुण्याहवाचन होते. परंतु ज्यांना ते लाभले त्यांनी पूर्वीच पूर्ण मुदतीचा वैद्यक अभ्यास व रुग्णालयातील उमेदवारी केलेली होती. त्यांचे महाविद्यालय एम. डी. चे महाविद्यालय बनले आणि पुढे राज्याच्या विद्यापीठात विलीन झाले. नव्या ओस्टिओपॅथांस परवाना देणे त्या राज्याने बंद केले, आणि ते न्यायालयाच्या निर्णयामुळे पुन्हा सुरू झाले ते थेट 1974 साली. नोंदवही बदलून पंथ वाढत नाही, विरघळतो, एवढेच त्या प्रयोगाने सिद्ध केले. महाराष्ट्रातील होमिओपॅथांस आपली पद्धती विरघळलेली हवी आहे काय, हा प्रश्न आम्ही नव्हे, त्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांस विचारावयाचा आहे.

आता घरची गोष्ट. 2014 च्या दुरुस्तीने होमिओपॅथीच्या पदवीधरास एका वर्षाचा औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आधुनिक औषधे देण्याचा अधिकार दिला. अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सोपविण्यात आला. इंडियन मेडिकल असोसिएशन उच्च न्यायालयात गेली आणि प्रकरण रेंगाळले. 2025 च्या जूनअखेर महाराष्ट्र वैद्यक परिषदेने अशा होमिओपॅथांची स्वतंत्र नोंदणी सुरू करण्याचे जाहीर केले, डॉक्टरांनी बंदची हाक दिली, शासनाने जुलैत नोंदणी थोपविली. होमिओपॅथांनी उपोषणाचा इशारा दिला, सप्टेंबरात शासनाने पुन्हा नोंदणीचा निर्णय काढला आणि 18 सप्टेंबरला डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप केला. अडीच महिन्यांत सरकारचे मत दोन वेळा बदलले. त्या अवधीत राज्यातील कोणत्या तालुक्यात किती डॉक्टर कमी आहेत, याचा विचार या वादात कोणाच्या तोंडी फारसा आला नाही.

प्रतिपक्ष म्हणतो, होमिओपॅथीचा पदवीधर साडेपाच वर्षे शिकतो, त्याने शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे विषय अभ्यासलेले असतात. उणीव फक्त औषधशास्त्राची, ती एका वर्षात भरून काढता येते. विषयांची नावे जुळली म्हणून विद्या जुळत नाही. औषधशास्त्र पुस्तकातून शिकता येईल. प्रश्न हा आहे की ताप आलेला मनुष्य पाहून हा विषमज्वर आहे, हिवताप आहे की मेंदूच्या आवरणाची सूज आहे, हे ओळखण्याची नजर कोठे तयार होते. ती तयार होते भरलेल्या वॉर्डात, रात्रपाळीत, वरिष्ठाच्या शिव्या खात. या प्रश्नास सर्वोच्च न्यायालयासमोर एकदा नावानिशी चेहरा मिळाला होता. 1992 साली मुंबईत एका होमिओपॅथाने आपल्या रुग्णास प्रथम विषाणुजन्य तापावरची आणि मग विषमज्वरावरची आधुनिक औषधे दिली; रुग्ण दगावला; आणि 1996 साली न्यायालयाने निर्णय दिला की जी पद्धती आपण शिकलो नाही तिचे औषध देणे हाच मुळात निष्काळजीपणा होय. नुकसानभरपाई तीन लाख रुपये ठरली. आता प्रतिपक्ष आनंदाने सांगतो की 2014 च्या कायद्याने हा दोष नाहीसा झाला. दोष नाहीसा झाला, हे मान्य. त्या घरातील विधवेस दाद मागण्याचे जे द्वार न्यायालयाने उघडले होते, ते कायद्याने अरुंद केले, एवढाच त्याचा अर्थ आहे. विषमज्वर पूर्वीइतकाच अवघड राहिला.

हे सर्व आम्ही द्रोणागिरीत बसून लिहीत आहोत आणि म्हणून एका आक्षेपाचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे. तो असा की, मुंबईच्या मोठमोठ्या रुग्णालयांच्या सावलीत राहणाराने असा शुचिर्भूतपणा दाखवावा. उरण तालुक्यातील मनुष्यास काहीही न मिळण्यापेक्षा काहीतरी मिळालेले बरे. हा आक्षेप आमच्या काळजाला भिडतो, कारण त्यामागची वेदना खरी आहे. 1970 साली नव्या मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादित करण्याचे फर्मान निघाले. 1984 च्या जानेवारीत त्या जमिनींसाठी झालेल्या जासई-दास्तानच्या लढ्यात पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. 1989 साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा या तालुक्याच्या रस्त्यांवरून वाहू लागला. 2024 च्या जानेवारीत एकाच दिवशी उरणपर्यंतची रेल्वे आणि शिवडीचा सागरी सेतूही आला. एवढ्या सगळ्यात तालुक्याला मिळालेले सार्वजनिक रुग्णालय ते ग्रामीण रुग्णालय. आणि शंभर खाटांच्या रुग्णालयाची मागणी उरणकर वर्षानुवर्षे करीत आहेत. कंटेनरखाली सापडलेला क्लीनर, करंजाच्या धक्क्यावर पाय चिरलेला कोळी, बाळंतपणात अडलेली आगरी सून, यांना गाडीत घालून खाडीपलीकडे न्यावे लागते. या मनुष्यांस नोंदवहीतील नवे नाव काय देणार? अडलेल्या बाळंतिणीस शस्त्रक्रियागृह, रक्त आणि भूलतज्ज्ञ लागतो. क्लीनरला अस्थिशल्यचिकित्सक आणि अतिदक्षता विभाग लागतो. सर्दी-खोकल्यावरचे औषध आजही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळते, आणि ते देणारा बहुधा होमिओपॅथच असतो. कायद्याने त्याच्या पाटीवर एक ओळ वाढेल, तालुक्यातील खाटा वाढणार नाहीत. ‘काहीतरी’ तर पूर्वीपासून मिळतेच आहे.

आणि नोंदणीने अधिकार मिळतो, त्यासोबत ठिकाण मिळत नाही. शासकीय महाविद्यालयातून एम. बी. बी. एस. झालेल्यास एक वर्ष शासनाची सेवा न केल्यास दहा लाख रुपये भरावे लागतील असे बंधपत्र असूनही ग्रामीण पदे रिकामी राहतात, हे शासनास चांगले ठाऊक आहे. मग आपल्या खर्चाने, बहुधा खासगी महाविद्यालयात शिकलेल्या होमिओपॅथाने आधुनिक औषधांचा अधिकार मिळताच कोप्रोली किंवा चिरनेर गाठावे, ही अपेक्षा कोणत्या हिशेबाने केली जाते? तो जेथे घर आहे, गिऱ्हाईक आहे, मुलांची शाळा आहे, तेथेच बसेल; आणि तसे बसण्याबद्दल आम्ही त्याला दोष देणार नाही.

येथील डोंगराविषयी अशी आख्यायिका आहे की लक्ष्मणासाठी संजीवनी नेणाऱ्या मारुतीच्या हातून द्रोणागिरीचा एक तुकडा येथे पडला. वसाहतीस नाव त्यावरूनच पडले असे लोक सांगतात. त्या कथेत मारुतीस वनस्पती ओळखता आली नाही म्हणून त्याने अख्खा पर्वत उचलला, हे सर्वांच्या लक्षात राहते. पर्वत आल्यावर त्यातून नेमकी मुळी ओळखणारा सुषेण वैद्य तळावर हजर होता, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. 2014 च्या कायद्याने औषधांचा पर्वत उचलून दिला, आणि सुषेणाची सोय नाशिकला एका वर्षावर सोपविली.

आमच्याच प्रांताच्या इतिहासात शाळा काढण्याचा शिरस्ता याहून निराळा होता. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते जमशेटजी जीजीभॉय यांच्या रुग्णालयाच्या सान्निध्यात. 1926 साली परळला गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय एकाच आवारात उभे राहिले. पुण्यातील बी. जे. मेडिकल स्कूलमधून दीर्घकाळ पदविकाधारी डॉक्टर, ज्यांस लोक एल. सी. पी. एस. म्हणून ओळखत, बाहेर पडत. खेड्यांतील आधुनिक वैद्यकाचा बराचसा भार तेच वाहत असत. 1946 साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने अशी शिफारस केली की देशात डॉक्टर एकाच प्रतीचा असावा. काही सभासदांचे मत निराळे होते, खेड्यांसाठी पदविका चालू राहावी असे ते म्हणत, आणि त्यांचे म्हणणे तुच्छ नव्हते. त्याच वर्षी पुण्याच्या शाळेचे महाविद्यालय झाले. पदविकाधारकांस कागदावर पदवीधर बनविण्याची सोपी वाट मोकळी असताना सरकारने शाळेलाच वरच्या पायरीवर चढविले. खर्च पडला, वेळ लागला, आणि डॉक्टर झाले.

येथे आमच्या बाजूच्या मंडळींसही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. संपाच्या दिवशी आधुनिक वैद्यकाच्या शुद्धतेवर व्याख्याने देणाऱ्या डॉक्टरांपैकी कित्येकांच्या खासगी रुग्णालयांत रात्रपाळीस होमिओपॅथच बसतो, सलाईन तोच लावतो, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा आलेखही तोच भरतो, आणि एम. बी. बी. एस. झालेल्यास द्यावे लागेल त्याच्या अंशानेही त्याला वेतन मिळत नाही. त्याने दिवसा आपल्या नावाने औषध लिहू नये, पण रात्री मालकाच्या नावाने खुशाल द्यावे, अशी ही भूमिका आहे. तिने होमिओपॅथाच्या मनात जी चीड निर्माण केली तिच्यातूनच 2014 च्या कायद्याला बळ मिळाले असावे, असा आमचा कयास आहे.

राहिला अधिकारक्षेत्राचा मुद्दा. आसामने 2004 साली कायदा करून ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला होता. तो उच्च न्यायालयाने 2014 मध्ये रद्द केला आणि 24 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, कारण वैद्यक शिक्षणाचा दर्जा ठरविणे घटनेने केंद्राकडे सोपविले आहे. पूर्ण तीन वर्षे शिकविणाऱ्या राज्याचा कायदा टिकला नाही. एक वर्ष शिकविणाऱ्या राज्याने यावरून काय बोध घ्यावा, हे आम्ही उच्च न्यायालयापुढील वकिलांवर सोपवितो.

परंतु जे राज्यास निश्चित करता येते, आणि मिशिगनने केले, ते येथे करण्यास कोणी मज्जाव केलेला नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास 420 खाटांचे चालू रुग्णालय लागते, पन्नास विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास 220 खाटांचे. अलिबागेस शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने सुरू झाले, म्हणजे रायगडात हे अशक्य नाही. नव्या मुंबईत कामोठे व नेरूळ येथे खासगी वैद्यक महाविद्यालये कित्येक वर्षे चालत आहेत. उरण तालुक्यात, जेथे जमीन शासनाच्या सिडको महामंडळाने शेतकऱ्यांकडूनच घेतलेली आहे आणि बंदर केंद्राच्या प्राधिकरणाकडे आहे, तेथे सरकारी महाविद्यालय नाही. विधिमंडळात द्रोणागिरीच्या नावाने विधेयक आणावयाचे असेल तर त्यात सिडकोने राखून दिलेल्या भूखंडाचा सर्व्हे क्रमांक, पहिल्या टप्प्यातील 220 खाटा, त्यासाठीची वार्षिक अर्थसंकल्पीय रक्कम आणि बंदर प्राधिकरणाचा हिस्सा, एवढे लिहिलेले असावे. होमिओपॅथीच्या पदवीधरांपैकी ज्यांना आधुनिक वैद्यक शिकावयाचे असेल त्यांना त्या महाविद्यालयात प्रवेशासाठी काही जागा राखून ठेवाव्यात, पूर्ण अभ्यासक्रमास, बाकीच्यांबरोबर त्याच वॉर्डात. त्यावर आमचा आक्षेप नाही, आणि डॉक्टरांच्या संघटनेचा असल्यास त्यांनी तो उरणच्या भरसभेत येऊन मांडावा.